आधी पट्टी, मग गाणं

लाखेची तबकडी म्हटली की मिनिटाला ७८ फेरे हा आकडा आपण डोळे झाकून धरतो. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ पासून रुजू लागलं, त्यानंतरच्या बहुतेक तबकड्यांना तो लागूही पडतो. कर्ण्यात तोंड घालून गायलेल्या त्याआधीच्या तबकड्यांचं तसं नाही. त्यांचा खरा वेग ७० ते ८२ फेऱ्यांच्या मध्ये कुठेही असू शकतो.

फरक किती पडतो ते पेटीवर मोजा. वेग सुमारे ६ टक्क्यांनी बदलला की सूर एक पट्टी सरकतो. ७८ वर काळी दोनमध्ये लागणारं गाणं ७३.६ वर पांढरी दोनला उतरतं आणि ८२.६ वर पांढरी तीनला चढतं. सोबत लय आणि ताना पळतात, आवाज बारीक होतो. जुन्या गवयांच्या 'चिरक्या' आवाजाबद्दलची बरीच मतं मला चुकीच्या वेगावर वाजवलेल्या तबकडीवरचीच वाटतात.

म्हणून पहिलं काम यंत्राचं. सुई रेकॉर्डवर टेकलेली असतानाच वेग तपासायचा, कारण घर्षणाने तो थोडा उतरतो. ५० हर्ट्झ विजेसाठी ७७ रेघांची स्ट्रोब चकती, म्हणजे दिव्याखाली फिरवून वेग तपासायची चकती, घ्या. रेघा स्थिर दिसल्या की वेग ७७.९२. साध्या फिलामेंट किंवा निऑन दिव्याखाली हे नीट दिसतं. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली दिसतच नाही आणि माणूस उगाच मोटरला दोष देत बसतो.

त्यानंतर सा शोधायचा. तानपुऱ्याच्या भरवशावर राहू नका. कर्ण्याने साधारण २०० ते ३००० हर्ट्झ एवढंच पकडलं, त्यामुळे खर्ज जवळजवळ गायब असतो. सारंगीही उपयोगाची नाही, ती गाणाऱ्याच्या सुराला मिळवलेली. साथीला पेटी असेल तर मात्र सोनं, कारण पेटीचा सा कुठल्या तरी पट्टीवरच असणार. ७८ वर सा दोन पट्ट्यांच्या मधोमध लटकत असेल तर वेग नक्की चुकलाय. पेट्या तेव्हा ४४० हर्ट्झ या आजच्या प्रमाण सुरालाच मिळवलेल्या असतील असं नाही. ४३५ ची पेटी असली तर साधारण एका फेऱ्याचा फरक पडतो. तेवढी ढील द्या.

आता दोन उत्तरं उरतात, खालची पट्टी की वरची. इथे शेवटची घोषणा कामाला येते. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात पहिली ध्वनिमुद्रणं केली, तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. कलकत्त्यातला सियालदाचा कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला. परदेशातल्या कारागिरांना गाणाऱ्याचं नाव कळावं म्हणून गाणं संपताच ते बोलून ठेवायची पद्धत होती, असं सांगतात. गायिका गौहर जानचं 'माय नेम इज गौहर जान' ऐका. गाण्यात कान फसतो, बोलण्यात फसत नाही. दोन्ही वेगांवर ते तीन सेकंद ऐकलं की एकात बाई बोलते आणि दुसऱ्यात बाहुली. जोहराबाई आग्रेवालीसारखा मुळात भारदस्त आवाज असेल तर मात्र जपून: तिथे खालची पट्टीच 'बरोबर' वाटण्याचा मोह होतो.

घोषणा नसेल तर लगतच्या मॅट्रिक्स क्रमांकाची (मूळ मुद्रणाला दिलेला, तबकडीवर कोरलेला क्रमांक) तबकडी शोधा. एकाच बैठकीतल्या बाजूंचा वेग सहसा जवळचा असतो. मूळ मुद्रण मेणाच्या चकतीवर कोरणाऱ्या यंत्राचा वेग बाजूभर सारखा राहीलच असंही नसे, तेव्हा सुरुवातीचा सा आणि शेवटचा सा वेगवेगळा तपासा.

सूर दर फेऱ्याला, म्हणजे पाऊण सेकंदाने, डुलत असेल तर तो गायकाचा आंदोलित गंधार नव्हे, भोक मध्यापासून सरकलंय. टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा हात, डावीउजवीकडे हलताना दिसेल. मध्यापासून ६० मिलिमीटरवर १ मिलिमीटरची चूक सूर दोन्ही बाजूंना २९ सेंटपर्यंत (एका पट्टीचे शंभर सेंट) हलवते, सर्वात लहान श्रुतीहून जास्त. कानशीने भोक मोठं करू नका. जाड चटई घालून रेकॉर्ड मधल्या खुंटीच्या वर येईल असं बसवा आणि बोटाने सरकवत मध्य शोधा.

बाकीचं थोडक्यात. एलपीची सुई चालत नाही. ती खाचेच्या तळाशी लोळते आणि कचरा वाजवते. साधारण ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ७५ मायक्रॉनची सुई लागते, भार ३ ते ५ ग्रॅम. झिजलेल्या रेकॉर्डला २.५ आणि ३.५ मिलही लावून पाहावं, भिंतीचा न झिजलेला भाग कधीकधी तिथे सापडतो. स्टीरिओ कार्ट्रिजचे दोन्ही चॅनेल एकत्र करा, सुई वरखाली हलल्याने येणारी उभी खरखर बरीच कटते. प्रीअँप सपाट, म्हणजे खर्ज-तार कमीजास्त न करणारा, हवा. एलपीसाठी प्रीअँपमध्ये असते ती आरआयएए दुरुस्ती १९५४ ची आहे. ती ३ हजार हर्ट्झलाच जवळपास ५ डेसिबल कापते आणि बोलांची व्यंजनं बोथट होतात. टर्नटेबलवर ७८ नसेल तर ४५ वर वाजवून संगणकात घ्या आणि वेग वाढवा: ७८ साठी १.७३३ पट, ७३.६ साठी १.६३६.

चावीच्या ग्रामोफोनवर ही जुनी तबकडी लावू नये असं माझं स्पष्ट मत. त्याच्या साउंडबॉक्सचा, म्हणजे पिन बसते त्या डबीचा, भार शंभर ग्रॅमच्या वर असतो. लावायचीच तर दर बाजूला नवी पिन.

धुताना कोमट डिस्टिल्ड पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने. लेबल कोरडं ठेवा. स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल कधीच नाही, लाख अल्कोहोलात विरघळते. कडेला तडा असलेली कागदी गाभ्याची तबकडी पाण्यात घालूच नका, गाभा फुगतो.

ठरवलेला वेग, पट्टी, सुईचं माप आणि मॅट्रिक्स क्रमांक पाकिटावर पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई दमट हवेत लेबलपर्यंत पोचते.