हाताचा काटा

माझ्या मामाला वजनकाटा लागत नाही. देवगडच्या बंदरावरून आणलेली सुरमई तो दोन्ही हातांत आडवी घेतो, झोपलेलं मूल उचलल्यासारखी जराशी वर-खाली करतो आणि सांगतो, "दोन किलो सातशे." मामी हट्टानं काट्यावर टाकते. दोन सहाशे ऐंशी भरते. वीस ग्रॅमचा फरक, मामाच्या मते, काट्यात आहे.

गरवायला मला त्यानंच शिकवलं. खाडीच्या तोंडाशी कातळावर उकिडवं बसायचं, बोटाला तंगूस गुंडाळायचा, गरीला कोळंबी लावायची आणि तोंड बंद ठेवायचं. लागला तर बहुतेक वेळा वीतभर कोकर लागायचा. घरी आल्यावर शेपटीकडची ती टोकदार खवल्यांची करवत आधी कापून काढायची, मग तिरफळ घालून कालवण. मासेमारी नावाच्या गोष्टीचा याहून वेगळा शेवट असू शकतो हे त्या घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

म्हणून यंदा मार्चमध्ये पोर्ट ब्लेअरहून (कागदोपत्री आता श्री विजयपुरम) त्याला फोन केला आणि म्हटलं, "मामा, पंचवीस किलोचा कोकर धरला. सोडून दिला," तेव्हा पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं रेंज गेली.

"मेल्या," शेवटी आवाज आला, "पंचवीस किलोचो कोकर सोडलंस? आणि तां सांगूक फोन केलंस?"

आता हा पंचवीस किलोचा कोकर म्हणजे काय ते सांगतो. आपल्या खाडीतल्या कोकराच्या घराण्यातलाच, पण त्यातला पैलवान. जायंट ट्रेवली, हौशी गळवाले जगभर त्याला नुसतं 'जीटी' म्हणतात. लहानपणी हाही खाड्यांत, उथळ पाण्यात वाढतो आणि मोठा झाला की प्रवाळाच्या कडेला, खोल पाण्याच्या उंबऱ्यावर राहायला जातो. सेशेल्समध्ये फार्कार बेटाजवळ हे मासे पाण्याबाहेर झेप घेऊन उडायला शिकणारी समुद्रपाखरं तोंडात धरतात. मासा पक्षी खातो! गळाला लागलेल्या जीटीचा जागतिक विक्रम 72.8 किलोंचा आहे, 2006 साली जपानच्या तोकारा बेटांवरचा. एखाद्या बऱ्या खात्यापित्या माणसाचं वजन. माझा पंचवीसचा त्या हिशोबात शाळकरी पोर.

त्याच्या शास्त्रीय नावाची गंमत मला फार आवडते. कॅरॅन्क्स इग्नोबिलिस. इग्नोबिलिस म्हणजे अकुलीन, हलक्या कुळातला. हे नाव ठेवणारा फोर्सकाल नावाचा निसर्ग अभ्यासक डेन्मार्कच्या राजानं अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत होता. तांबड्या समुद्रातले मासे त्यानं टिपून ठेवले आणि 1763 साली येमेनमध्ये मलेरियानं गेला. सहा जणांतला एकटा कार्स्टन नीबुर जिवंत परतला. तो परतीच्या वाटेवर आपल्या मुंबईत वर्षभर राहिला, घारापुरीला जाऊन लेण्यांची चित्रं काढली, आणि मायदेशी पोचल्यावर 1775 मध्ये मित्राच्या टिपणांचं पुस्तक छापलं. म्हणजे या माशाच्या बारशाचा कागद थोडाफार मुंबईचं पाणी प्यायलेल्या माणसाच्या हातून गेलाय. फोर्सकालनं त्याला अकुलीन का म्हटलं असेल? मला वाटतं, त्यानं तो कुणीतरी धरून आणलेला, मेलेला पाहिला असणार. दोरीच्या टोकाला पाहिला असता तर नाव बदललं असतं.

अंदमानला जातो म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न सेल्युलर जेलचा. पाहिलं ना? पाहिलं, पहिल्याच खेपेला, आणि त्या कोठडीसमोर सगळे उभे राहतात तसा मीही गप्प उभा राहिलो. पण ही माझी चौथी खेप होती आणि चौथ्यांदा कोणत्या तोंडानं जेलचं कारण सांगायचं? बायकोला सांगितलं, बँकेचं काम आहे. खोटं नव्हतं. पोर्ट ब्लेअरच्या आग्नेयेला शंभरेक किलोमीटरवर समुद्राचा तळ खोलातून एकदम वर येतो, त्या उंचवट्याचं नावच इन्व्हिजिबल बँक. त्यातला एकच खडक पाण्यावर डोकं काढतो न काढतो आणि त्याच्यावर लाटा फुटत असतात. बाकी सगळी बँक अदृश्य. "आपले पैसे तिथंच जातायत की," बायको म्हणाली. तिला रीळाची मी निम्मी किंमत सांगितली आहे, तरीही हे.

या मासेमारीत आमिष नसतं. असतो एक लाकडी मासा, दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचा, नेलपॉलिशसारखा चकचकीत रंगवलेला. पॉपर. त्याचं तोंड वाटीसारखं खोलगट. तो पन्नास-साठ मीटर लांब फेकायचा आणि काठीला हिसका द्यायचा. तोंडात हवा-पाणी कोंडून 'भळ्ळ' आवाज येतो. रीळ गुंडाळा, हिसका, भळ्ळ. गुंडाळा, हिसका, भळ्ळ. होडीशी आला की उचला, परत फेका. दिवसाला दोनशे वेळा. पाठीचा तिसरा मणका कुठला, हे मला त्या होडीवर कळलं. तिकडे सूर्य मुंबईपेक्षा तासभर तरी आधी येतो, त्यामुळे सकाळी आठला आपण दुपारइतके भाजलेले असतो.

पहिला दिवस भांगाच्या भरतीचा. पाण्याला ओढ नाही. काही नाही. दुसऱ्या दिवशी एक मासा पॉपरच्या मागं आला, होडीपर्यंत आला, माझ्याकडं बघितलं आणि गेला. मी अतिशयोक्ती करत नाही, बघितलं. दुपारी आमचा तांडेल म्हणाला, "दादा, चाय पियो, फिर मारो." हा तांडेल करेन समाजातला, मायाबंदरजवळच्या वेबी गावचा. त्याचे पूर्वज 1925 मध्ये ब्रह्मदेशातून येऊन तिथं वसले. घरी करेन बोलतो, होडीवर अंदमानी हिंदी, आणि समुद्राशी काहीच बोलत नाही, नुसता बघतो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या खडकापासून थोड्या अंतरावर त्यानं इंजिन मंद केलं आणि हनुवटीनं पाण्याकडं खूण केली. मला तिथं पाण्याशिवाय काही दिसलं नाही.

चौथ्या की पाचव्या फेकीला पॉपरच्या मागचं पाणी फुगलं. लाट नव्हे, फुगवटा. पातेल्यातलं दूध उतू जायच्या आधी वर येतं तसा. आणि मग तिथं खड्डा पडला. पॉपर नव्हता.

पतंगाचा माणूस ढील देऊन खेळवतो. मामाही लागलेल्या माशाला तंगूस थोडा सोडून दमवतो. इथं ती सवय घातक. गळ लागला की हा मासा सरळ खाली, प्रवाळात घुसायला बघतो. पहिल्या दहा सेकंदांत त्याला प्रवाळ सापडलं की दीडशे पौंडांचा जाड दोराही काकडीसारखा कापला जातो. म्हणून रीळ बारा किलोच्या ताणाला जवळजवळ जाम केलेलं. आता बारा किलो वाचायला बरे वाटतात. पाण्यानं भरलेली बादली वाकलेल्या काठीच्या टोकाला अडकवा, आणि ती बादली पळून जायला बघते आहे अशी कल्पना करा. माझे गुडघे होडीच्या कडेला लागले, तांडेलानं मागून पट्टा धरला आणि मी मराठीत काहीतरी ओरडलो, जे इथं लिहिता येत नाही. त्याला मराठी येत नाही, पण तो हसला.

सात-आठ मिनिटं. जास्त नाही. दोरा थांबला, एकेक वीत परत यायला लागला, आणि निळ्यातून एक काळं ताट वर आलं. "काला है," तांडेल म्हणाला, "नर है." यांचे मोठे नर काळवंडतात, माद्या रुपेरी राहतात. होडीत घेतला तेव्हा तो हुंकारला. खरंच, घशातून, रागावलेल्या म्हाताऱ्यासारखा. मांडीवर आडवा घेतला तर शेपटीच्या मुळाशी बोटांना काहीतरी टोचलं आणि मी दचकलो. तीच करवत! खाडीतल्या वीतभर कोकराची, मामाच्या विळीवरची. फक्त इथं एकेक खवला माझ्या नखाएवढा.

फीत लावली. तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत 110 सेंटीमीटर, घेर 82. वजनाला काटा लावत नाहीत; माशाला टांगून ठेवायचं नसतं. हिशोब असतो: दोन्ही मापं इंचांत घ्या, घेराला घेरानं गुणा, मग लांबीनं गुणा, 800 नं भागा, पौंड येतात. छपन्न पौंड. साडेपंचवीस किलो. याआधीचा माझा सगळ्यात मोठा चौदाचा. गळाला उलटा काटा नव्हता, झटक्यात निघाला. तांडेलानं डोकं खाली करून त्याला पाण्यात सोडलं. शेपटीचा एक फटका, माझ्या चष्म्यावर पाणी, संपलं. मग माझे हात इतके थरथरत होते की चहा तांडेलानंच पाजला.

मेमध्ये देवगडला गेलो. मामाला सगळी कारणं सांगून झाली होती: प्रवाळाकडच्या थोराड माशांत कधी कधी सिग्वाटेराचं विष साठतं, असा मासा वाढायला वर्षं लागतात, तिकडचा नियमच आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं, वकिलाचं ऐकतात तसं. फोटो पाहिला, मोठा करून पाहिला. "फोटोत हात पुढे केल्यार बांगडोय मोठो दिसता," म्हणाला. मग मागच्या पडवीत गेला आणि सोललेल्या नारळांचं पोतं ओढत घेऊन आला.

"बस. मांडयेर घे. हेच्याएवढो होतो?"

मी मांडी घालून पोतं आडवं घेतलं. डोळे मिटले. नाही, जड होता. मामानं दोन नारळ टाकले. अजून. आणखी दोन. मामी दारात उभी राहून बघत होती. डावा हात खाली, शेपटीच्या मुळाशी, उजवा पोटाखाली... "अजून एक," मी म्हटलं. मग थोडं थांबून, "आता. एवढाच. अगदी एवढाच."

मामानं पोतं उचललं, झोपलेलं मूल उचलल्यासारखं जरा वर-खाली केलं आणि काही न बोलता मामीकडं दिलं. मामीनं ते काट्याला अडकवलं. साडेएकतीस.

"सहा किलो," मामा म्हणाला, "तिखटमीठ." आणि पोत्यात हात घालून तो नारळ परत काढायला लागला.