परत कॅश काउंटरवर

केस परत आले ना, की लोकांच्या दृष्टीने तुमचा कॅन्सर संपला. माझे तर कुरळे आले, जन्मभर सरळसोट केस होते माझे, आणि सोसायटीतल्या काकू म्हणाल्या अगं किती छान दिसतंय, पार्लरला गेली होतीस का? म्हटलं हो, परळच्या. टाटा कॅन्सर हॉस्पिटल तिथेच ना, पण त्यांना कळलं नाही, जाऊ दे.

तर ट्रीटमेंट संपणं आणि कामाला लागण्याइतकं धड होणं या दोन वेगळ्या तारखा आहेत आणि दुसरी तारीख कुठल्याच फाइलवर नसते. फिटनेस सर्टिफिकेट मिळतं, त्यावर कामावर रुजू व्हायला फिट एवढंच लिहिलेलं असतं, कुठल्या कामाला फिट, किती तास फिट, संध्याकाळी पण फिट का फक्त सकाळी, हे कोणी लिहीत नाही आणि ऑफिसमध्ये कोणी विचारतही नाही. ब्रेस्ट कॅन्सरवर हल्ली बरंच लिहिलं जातं, गाठ कशी तपासा, मॅमोग्राफी कधी करा, ते हवंच, पण पुढचं, म्हणजे परत डबा भरून ९ची गाडी पकडायची तेव्हा काय होतं, त्यावर फारसं सापडत नाही म्हणून लिहितेय.

मी एका सहकारी बँकेत कॅशियर आहे, नाव नको, राहायला डोंबिवली. उजव्या बाजूचं ऑपरेशन, काखेतल्या गाठी म्हणजे लिम्फ नोड काढल्या, मग केमो, आधी ते लाल औषध आणि मग दर आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल, मग रेडिएशन आणि आता रोज एक टॅमॉक्सिफेनची, म्हणजे हार्मोन अडवणारी गोळी, ती पाच वर्षं तरी चालणार, कोणाकोणाला दहा वर्षंही देतात. म्हणजे ट्रीटमेंट संपली असं आपण म्हणतो पण खरं तर ती पर्समध्येच असते.

लाल औषधाला सगळे घाबरतात, उलट्या आणि केस जाणं त्याच्यामुळे, पण माझं कॅशियरचं नुकसान केलं ते पॅक्लिटॅक्सेलने. ते नसांवर जातं. बोटांच्या टोकांपासून सुरू होतं, आधी मुंग्या, मग बधिरपणा, हातमोजे घातल्यासारखं. घरी काय, ब्लाउजचा हूक लागत नाही, लसूण सोलता येत नाही, चालवून घेतो आपण. काउंटरवर कसं चालवून घेणार?

तुम्ही पाचशेची नोट हातात घेऊन बघा. गांधीजींच्या चित्रावरून अंगठा फिरवा, खडबडीत लागेल. दोन्ही कडांना तिरक्या उठावाच्या रेघा असतात, पाचशेला पाच, शंभराला चार, दोनशेला चार आणि त्यांच्यामध्ये दोन बारके गोल. रिझर्व्ह बँकेने त्या दृष्टिहीन लोकांसाठी दिल्यात पण आम्ही कॅशवाले पण बोटांवरच जगतो, गड्डी चाळताना नोट खोटी असली तर डोळ्यांच्या आधी बोटाला कळतं, कागदच वेगळा लागतो. आणि मला काही लागेचना. घरी पर्समधली नोट काढून कितीदा रेघा चाचपल्या, गुळगुळीत! डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू, बऱ्याच जणांना काही महिन्यांत सुधारतं, काहींना थोडं राहून जातं. फिजिओथेरपीवालीने सांगितलं तसं तांदळाच्या डब्यात नाणी टाकून डोळे मिटून ओळखायची, हा रुपया, हे दोन, हे पाच. सासूबाई तिकडून ओरडायच्या, ते तांदूळ वेगळे ठेव गं बाई, भाताला घेशील!

आता हलक्या कामाबद्दल. मी रुजू झाले त्या दिवशी साहेबांनी स्वतः केबिनमधून बाहेर येऊन सांगितलं, मॅडम कॅशचं टेन्शन नको तुम्हाला, तुम्ही इनवर्ड-आउटवर्डला, म्हणजे आल्या-गेल्या टपालाच्या नोंदीला बसा, निवांत, हलकं काम आहे. मनापासून सांगितलं हो, माणूस वाईट नाही. रेकॉर्ड रूमच्या बाजूचं टेबल, पंखा नाही, आणि काम काय तर दिवसभर शिक्के मारायचे. उजव्या हाताने. ज्या हाताच्या काखेतल्या गाठी काढल्यात त्याच हाताने धाडधाड शिक्के! काखेतल्या लिम्फ नोड काढल्या की हातातला द्रव वाहून जायची वाट अडते, हात सुजू शकतो, लिम्फिडिमा म्हणतात, आणि तेच तेच काम सारखं केलं की माझा तरी हात संध्याकाळी जड व्हायचा, बांगडी रुतायची. म्हणजे ज्याला सगळे हलकं म्हणत होते तेच माझ्यासाठी सगळ्यात जड, आणि कॅश, जिथे मोजायला मशीन आहे आणि खुर्ची बरी आहे, ती म्हणे झेपणार नाही. मला कोणी विचारलंच नाही ना. माझ्या वाटचं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

आणि दुसरी गोष्ट, त्या कोपऱ्यात बसलं की आपण खरंच आजारी वाटायला लागतो. रोजचे पेन्शनर काका काउंटरवर येऊन विचारायचे त्या मॅडम कुठे गेल्या, आणि कोणीतरी हळू आवाजात सांगायचं, मग ते काका माझ्याकडे असे बघायचे की मला वाटायचं मी फोटोत गेले की काय.

खरी अडचण थकव्याची. हा थकवा वेगळाच असतो, झोपून जात नाही. सकाळी मी एकदम ओके, दुपारी तीननंतर कोणीतरी प्लग काढतं. पाय ओढत नाही, डोकं ओढत नाही, समोरचा नाव सांगतो आणि चेक लिहून होईपर्यंत ते नाव गायब. केमो ब्रेन म्हणतात त्याला, हसू येतं नाव ऐकून. आणि बँकेत नेमकी टॅली, म्हणजे दिवसाची कॅश हिशोबाशी जुळवणं, असते संध्याकाळी. शिवाय टॅमॉक्सिफेनच्या वाफा, एकदम छातीतून गरम लाट येते, चेहरा लाल, घाम, आणि समोर माणूस पैसे मोजतोय तुमच्या तोंडाकडे बघत.

थकव्यावर मला सगळ्यात लागू पडलं ते चालणं. आराम कर म्हणणारे शंभर भेटतील पण नुसत्या आरामाने तो वाढतोच, हे आता डॉक्टरही सांगतात. हाताचंही तसंच, पूर्वी सांगायचे त्या हाताने काही म्हणजे काही उचलू नका, २००९ साली अमेरिकेतला एक अभ्यास आला त्यात हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाच्या व्यायामाने सूज वाढली नाही असं दिसलं, आता शिकवतात तसे व्यायाम. मात्र शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, मनाने डंबेल आणू नका.

मधे फॉलोअपला एक फॉर्म भरायला दिला होता, क्वालिटी ऑफ लाइफचा, युरोपातल्या कॅन्सर संस्थेचा आहे, क्यूएलक्यू सी-३० नाव, मराठीतही आहे. तीस प्रश्न. गेल्या आठवड्यात दम लागला का, झोप लागली का, काम करताना अडचण आली का, आणि उत्तरं अजिबात नाही पासून खूप पर्यंत चार. शेवटच्या दोन प्रश्नांना एक ते सात मार्क द्यायचे, तब्येतीला एकदा आणि एकूण जगण्याला एकदा. चांगला फॉर्म आहे, मला आवडला, कारण गाठ सोडून माझ्याबद्दल पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं. फक्त लक्ष लागत नाही का या प्रश्नाला उदाहरण पेपर वाचण्याचं आणि टीव्ही बघण्याचं. अहो टीव्हीला कुठे लक्ष लागतं, तो असाच चालू असतो. साडेपाच वाजता कॅश जुळते का ते विचारा!

लोकलचं पण सांगते कारण खूप जणींना माहीत नसतं. हॉस्पिटलचा योग्य तो कागद असेल तर कॅन्सर पेशंटना दिव्यांग डब्यात बसता येतं, गरोदर बायकांनाही येतं. मी सुरुवातीला त्याच डब्यातून जायचे कारण लेडीजमध्ये डोंबिवलीला चढताना कोणाचा कोपर कुठे लागेल नेम नाही आणि ती बाजू अजून दुखरी. एक गृहस्थ म्हणाले ताई, हा दिव्यांगांचा डबा आहे. बाहेरून काही दिसत नाही ना. कागद काढला तर उठून जागा दिली आणि मग मुलुंडपर्यंत स्वतःच्या घशाच्या ऑपरेशनची सगळी स्टोरी.

आतल्या कपड्यांचं, सिलिकॉनच्या पॅडचं वगैरे लिहिणार नाही, एवढंच सांगते की उन्हाळ्यात कापसाचं हलकं पॅड बरं पडतं.

कायद्याचं मात्र लिहायला पाहिजे. माझी मावसबहीण लंडनजवळ असते, ती म्हणाली तुमच्याकडे फेज्ड रिटर्न, म्हणजे थोड्या तासांपासून हळूहळू कामावर परतणं, नाही का? त्यांच्याकडे २०१०च्या इक्वॅलिटी ॲक्टप्रमाणे कॅन्सरचं निदान झालं की त्या दिवसापासून माणसाला अपंगत्वाचं संरक्षण लागू होतं, कामात जमेल तेवढा बदल करून देणं मालकावर बंधनकारक. आपल्याकडे २०१६चा दिव्यांग कायदा आहे, त्यात २१ प्रकार आहेत, थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, पार्किन्सन्स आहे, कॅन्सर नाही. म्हणजे सगळं साहेबाच्या स्वभावावर. आणि हा काही मोजक्या बायकांचा प्रश्न नाहीये, २०२२ मध्ये भारतात ब्रेस्ट कॅन्सरच्या साधारण १ लाख ९२ हजार नवीन केसेस झाल्याचा अंदाज आहे, शिवाय पाश्चात्य देशांच्या मानाने आपल्याकडे हा आजार सरासरी दहाएक वर्षं आधी होतो, म्हणजे ऐन नोकरीच्या, मुलांच्या दहावी-बारावीच्या वयात. ज्यांचा पगार २१ हजारांच्या आत आहे आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, कापला जातो त्यांनी तरी चौकशी करा, नेहमीच्या आजारपणाला ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के मिळतात पण कॅन्सरसारख्या लांबलेल्या आजारात, नोकरी दोन वर्षं झालेली असेल तर, दोन वर्षांपर्यंत ८० टक्के मिळू शकतात. धुणीभांडी, शिवणकाम, भाजीची गाडी करणाऱ्या बायकांना यातलं काहीच नाही. टाटाच्या डे केअरमध्ये माझ्या बाजूला साताऱ्याकडची एक ताई असायची, ती सुई लागलेली असताना फोनवर दिराला म्हैस कधी वितेल ते सांगत होती. तिला कोण देणार फेज्ड रिटर्न.

मी काय केलं, तर पत्र लिहिलं. आधी तोंडी बोलले होते, तोंडी बोललं की लोक हो हो म्हणतात. पत्रात रडगाणं नाही, फक्त काय हवं ते. मला कॅशच द्या. काही दिवस अर्धा दिवस, उरलेला वेळ माझ्या शिल्लक रजेतून कापा. टॅली माझी मी करेन पण शेजारी दुसरा माणूस असू दे. नाण्यांच्या पिशव्या मी उचलणार नाही. हाताला टेकू असलेली खुर्ची आणि टेबलफॅन. फॉलोअपच्या तारखा आधीच कळवीन. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, त्यात फिटच्या पुढे हातावर ताण देणारी कामं टाळावीत असं लिहून घेतलं, ते आपण सांगितलं तर लिहून देतात.

हेड ऑफिसचं उत्तर आलं, अशी तरतूद नाही. मग आमच्या युनियनचे काका उभे राहिले, रिटायरमेंटला आलेला माणूस, ते म्हणाले तरतूद नाही म्हणजे मनाई पण नाही ना, ट्रायल घ्या. ट्रायल झाली. मशीनने मोजायचं, मग बंडल बांधताना एकदा हाताने, आणि संशय आला की नोट उजेडात धरायची, वेळ लागतो, लायनीतले लोक चुळबुळ करतात, करू देत. बोटं अजून पूर्ण आली नाहीत, पाचशेच्या रेघा आता लागतात, दोनशेचे गोल लागत नाहीत. पूर्ण दिवस करायला लागले तेव्हा पण तीन वाजता दहा मिनिटं स्टाफ रूममध्ये डोळे मिटून बसायचं हे ठरलेलंच, त्यावर कोणीतरी कुजबुजलं की मॅडमची मजा आहे. म्हटलं हो, या तुम्ही पण, तारीख घेऊन देते परळची.

तुमच्या ऑफिसला अशी कोणी परत येत असेल तर तू वाघीण आहेस वगैरे मेसेज नंतर करा. आधी विचारा, तुला काय जमतंय, काय नको. ती म्हणाली सगळं जमतंय तर पुढच्या महिन्यात परत विचारा, कारण सुरुवातीला आपण सगळ्याच जमतंय म्हणतो, नोकरी जायची भीती असते.

तिजोरीची जॉइंट कस्टडी माझ्याकडे होती आजारपणाच्या आधी, म्हणजे दोन चाव्या, एक मॅनेजरकडे एक कॅशियरकडे, दोघं असल्याशिवाय उघडत नाही. ती काढून घेतली होती, रजेवर असताना काढणारच, पण परत द्यायचं कोणी नावच काढेना. तीही मागून घेतली, लेखी. साहेब म्हणाले मॅडम कशाला जबाबदारी, म्हटलं साहेब पगार त्याचाच आहे. चार्ज घेतला, रजिस्टरला सही केली. तिजोरीचं हँडल मात्र भलतं कडक आहे, ते माझ्या हाताने ओढायचं नाही असं मीच ठरवलंय, रोज सकाळी साहेबांना बोलावते आणि ते येतात बिचारे, ओढतात. तेल घालायला कंपनीचा माणूस पाठवा म्हणून मेल केलाय, अजून काही आलेला नाही.