पहिले पाच शॉट

त्या दगडातलं मँगनीज नुसतं वर चढलेलं होतं की आतही मुरलेलं होतं, हे मला अजून छातीठोकपणे सांगता येत नाही.

आमचं काम मंगळावरच्या लेसरच्या मापांचा पृथ्वीवरच्या दगडांशी ताळा जमवण्याचं. क्युरिऑसिटी या मंगळावरच्या रोव्हरवरचं केमकॅम हे उपकरण 2012 पासून सात मीटरपर्यंतच्या दगडांवर लेसर मारतंय. एक शॉट पाच नॅनोसेकंदांचा. तेवढ्यात दगडाचा कणभर भाग तापून प्लाझ्मा होतो आणि त्याच्या प्रकाशातल्या रेषांवरून मूलद्रव्यं ओळखायची. हे उघड्या हवेत करून चालत नाही. आपल्या हवेच्या दाबाखाली प्लाझ्मा आवळला जातो, मंगळाच्या विरळ हवेत तो मोठा आणि तेजस्वी होतो, तर चंद्रावर, जिथे 2023 मध्ये प्रज्ञानने याच पद्धतीने गंधक ओळखलं, तिथे निर्वातात तो क्षणात पसरून विरतो. म्हणून बंद चेंबरमध्ये मंगळावरच्या हवेसारखा, सात मिलिबार दाबाचा कार्बन डायऑक्साइड भरूनच आम्ही शॉट घेतो.

त्या दिवशीचा नमुना होता वाळवंटातला बेसॉल्ट, वर काळसर चकाकता लेप. एका जागी तीस शॉट, असे काही बिंदू. प्रोग्रॅमने सरासरी काढून तक्ता दिला. सिलिकॉन, लोह, कॅल्शियम, सगळं बेसॉल्टसारखं. मँगनीज नगण्य. सहकारी म्हणाला, "झालं, पुढचा नमुना लाव."

मी म्हटलं, थांब. सरासरीत पहिले पाच शॉट धरलेलेच नसतात. मंगळावर दगडांवर धूळ असते, ती उडून जावी म्हणून ते वगळतात. तिथे ते रास्तच आहे. पण आमच्या दगडावर धूळ नव्हती, लेप होता. टणक दगडात एका शॉटला जेमतेम मायक्रॉनभर खोली मिळते. काही मायक्रॉनचा लेप पाच शॉटांत संपतो. म्हणजे जे बघायला नमुना आणला, तेच नियमाने फेकलं होतं. प्रोग्रॅमवर विसंबून कच्चे वर्णपट न उघडणारे लोक मला पटत नाहीत, आणि त्यांची संख्या वाढते आहे. 2012 मध्ये केमकॅमच्या पहिल्याच दगडावर, कॉरोनेशनवर, पहिल्या शॉटमध्ये हायड्रोजनची रेषा दिसली होती, पुढच्या शॉट्समध्ये ती नव्हती; मॅग्नेशियमही पृष्ठभागावर थोडं जास्त होतं. धुळीबद्दलची ती माहिती सरासरीत दिसलीच नसती.

एकेक शॉट उघडला. 403 नॅनोमीटरजवळ मँगनीजच्या तीन रेषा एकमेकींना चिकटून असतात, आणि शेजारी लोहाच्या रेषांची गर्दी. पहिल्या शॉटला त्या लोहाच्या वर उठून दिसत होत्या. दुसऱ्याला थोड्या बसल्या, चौथ्यापर्यंत अर्ध्यावर, सातव्याला लोहाच्या गर्दीत हरवल्या. अगदी अपेक्षेप्रमाणे.

पण एका बिंदूवर त्या संपल्याच नाहीत. घसरल्या, आणि मग तिसाव्या शॉटपर्यंत एकाच बारीक उंचीवर टिकल्या.

याचे दोन अर्थ. एक, तिथे लेपाखाली भेग असेल आणि मँगनीज तीत उतरलं असेल. दोन, लेसरचा ठिपका कडेला फिका असतो, तो खड्ड्याच्या काठावरचा लेप हळूहळू खरवडत राहतो, आणि खोलीत काही नसतानाही ही शेपूट दिसते. फरक क्षुल्लक नाही. मँगनीज साचायला पाणी आणि जोरदार ऑक्सिडीकरण लागतं. क्युरिऑसिटी जिथे फिरतं त्या मंगळावरच्या गेल क्रेटरमधल्या मँगनीज ऑक्साइडांवर 2016 मध्ये निबंध आला, तेव्हा चर्चा याच कारणाने झाली होती. लेप असेल तर गोष्ट उघड्या पृष्ठभागाची, भेग असेल तर पाणी दगडाच्या आतून फिरलेलं.

आम्ही दगड कापला. सूक्ष्मदर्शकाखाली भेग सापडली, पण खड्ड्याच्या अगदी तळाशी नव्हे, थोडी बाजूला. कापताना भेगेचा काही भाग गेला असणार, असं सहकाऱ्याचं म्हणणं. मला ते जरा जास्तच सोयीचं वाटतं. तरीही काठाची शेपूट असती तर ती इतर बिंदूंवरही दिसायला हवी होती, हा माझा मुद्दा. त्यावर त्याचंच उत्तर, तिथे लेप पातळ असेल. हे खोडून काढायला माझ्याकडे काही नाही.

मंगळावरच्याच परसिव्हिअरन्स या दुसऱ्या रोव्हरवर सुपरकॅम हे असंच उपकरण आहे, त्यात मायक्रोफोन आहे, शॉटचा आवाज ऐकून पृष्ठभागाबद्दल बरंच कळतं. आमच्या चेंबरमध्ये तो बसवावा ही मागणी मी पुन्हा पाठवली आहे. अहवालात "लेप की भेग" हा रकाना रिकामा ठेवला, आणि सगळ्या तीस शॉट्सचा आलेख, पहिल्या पाचांसकट, जोडला.