तारकर्लीचा कॅमेरा

"गिराईकच नाय, तर ह्यो कॅमेरो बघता कोणाक?"

तारकर्लीच्या खानावळीत मावशी सोलकढी वाढता वाढता हे बोलल्या आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. शनिवारची दुपार, बारा टेबलं, जेवणारे आम्ही दोघंच. मागच्या वर्षी याच वारी बाहेर उभं राहावं लागलं होतं. सुरमई मागवायचं बंद केलंय म्हणाल्या, उरली तर टाकायची कुठे, म्हणून बांगडाच. वाढपी पोरगा मुंबईला गेला.

पण कॅमेरा चालू. बुकिंगवाल्यांनी लावायला लावला, हप्ता अजून जातोय, आणि चित्र कुठे जातं ते त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मी बघत होतो, त्याच्याखालनं जाताना त्या दर वेळी पदर सारखा करत होत्या. स्वतःच्या घरात!

किनाऱ्यावर जानेवारी २०२५ पासून बेकायदा मासेमारीवर ड्रोनची नजर आहे, ते मला पटतं, एलईडी दिवे लावून आणि पर्ससीनची मोठाली जाळी टाकून मासे धरणाऱ्यांनी छोट्या मच्छीमाराचं फार नुकसान केलंय. पण तिथे निदान कोण बघतंय आणि कशासाठी ते माहीत आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं, तो हक्क या पडवीपर्यंत कधी पोचणार?

निघताना पैसे जास्त देऊ केले तर घेतले नाहीत, "परत येवा" म्हणाल्या.

तुमच्याकडे असे कॅमेरे लागलेत का? चित्र कुठे जातं, कोणी विचारलंय?