रूनस्केपमधला पहिला पैसा

भाच्यानं ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन गेम मोबाईलवर घेतला आणि त्याच रात्री मेसेज टाकला, "मामा, ह्यात पैसा कुठनं काढायचा, सांगा की." फोनवर जमेल तेवढं सांगितलं, पण ते तुटक झालं. म्हणून इथं सविस्तर लिहितोय. त्याच्यासारखं आणखी कुणी नव्यानं सुरू करत असेल तर त्यालाही उपयोग होईल.

मी शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. शेतकरी माल लावतो, सौदे निघतात, अडत-हमाली धरून हिशोबाची पट्टी तयार होते, ती मी लिहितो. त्यामुळं खेळातल्या व्हॅरॉक शहरातलं ग्रँड एक्स्चेंज, म्हणजे खेळाडूंचा बाजार, मला परकं वाटलंच नाही. तिथं तुम्ही माल आणि भाव टाकायचा, त्या भावाला घेणारा मिळाला की सौदा झाला. विकणाऱ्याकडनं २ टक्के कर कापला जातो. २०२१ च्या डिसेंबरात हा कर आला तेव्हा १ टक्का होता, २०२५ मध्ये दुप्पट झाला. शिवाय प्रत्येक मालाला चार तासांची खरेदीमर्यादा आहे. ज्याच्याकडं कोट्यवधी नाणी आहेत त्यालाही एका दमात सगळा माल उचलता येत नाही. ही मर्यादा मला फार आवडते. नवख्यालाही त्यामुळं बाजारात जागा राहते.

सगळे नवीन लोक एकच विचारतात, ताशी सगळ्यात जास्त नाणी कशात मिळतात? माझ्या मते सुरुवातीला हा प्रश्नच विचारू नये. असल्या याद्या ज्यांची लेव्हल वर गेलीय, हातात भांडवल आहे, त्यांच्यासाठी असतात. नवख्यानं एक माल धरावा आणि त्याचं सगळं समजून घ्यावं: तो येतो कुठनं, लागतो कुणाला, भाव केव्हा पडतो.

मी भाच्याला गाईचं कातडं धरायला सांगितलं. लंब्रिजला, जिथं खेळ सुरू होतो तिथंच, नदीपलीकडं गाईंचं कुरण आहे. गाय मारली की कातडं पडतं, ते उचलायचं. पिशवीत २८ खण, ते भरले की खेळातल्या बँकेत माल ठेवायचा. लढाईची लेव्हल वाढते ती वेगळीच. कातडं कमावून घ्यायचं तर अल खरीदला एलिस नावाचा चांभार आहे, साध्या चामड्याला तो नगाला १ नाणं घेतो, कडक चामड्याला ३. बँकही तिथनं जवळच.

आता हिशोब बघा, कारण खरी गोष्ट इथं आहे. समजा कातडं १०० ला मिळतंय आणि साधं चामडं १०८ ला जातंय. वरवर बघितलं तर नगाला ८ सुटतात. पण एलिसचं १ गेलं. १०८ वर २ टक्के म्हणजे २ नाणी कर गेला, अपूर्णांक खेळ सोडून देतो. राहिले ५. पिशवीतला एक खण नाण्यांना लागतो, म्हणजे एका खेपेला २७ नग, १३५ नाणी. हेच चामडं १०४ ला गेलं तर नगाला १ राहतं आणि खेप जवळजवळ फुकट जाते. भाव रोज हलतात, म्हणून माझे आकडे धरून बसू नका, मांडणी धरा. ५० च्या खाली विकल्या जाणाऱ्या मालाला कर लागतच नाही, तेही ध्यानात ठेवा.

कातडं स्वतः मारून आणलं तर ते फुकट पडलं असं पोरं म्हणतात. ते मला पटत नाही. तेच कातडं बाजारात कच्चं विकून १०० आले असते. त्यामुळं कमावण्याचा नफा मोजताना कातड्याची किंमत धरायचीच. आमच्याकडं घरच्या उसाचा गूळ केला तरी उसाचा भाव धरल्याशिवाय गुऱ्हाळाचा हिशोब पुरा होत नाही.

फुकट खात्याला, म्हणजे पैसे भरून मेंबरशिप न घेतलेल्याला, एक अट आहे. २० तास खेळ, १० क्वेस्ट पॉइंट (क्वेस्ट म्हणजे खेळातली कामगिरी, ती पुरी केली की पॉइंट मिळतात) आणि सगळ्या कौशल्यांची मिळून १०० लेव्हल होईपर्यंत बऱ्याच कच्च्या मालाची विक्री बंद असते. पोरं इथं वैतागून गेम काढून टाकतात. काढू नका. माल बँकेत साठवत राहा आणि मधल्या वेळात क्वेस्ट करा: कुक्स असिस्टंटचा १ पॉइंट, अर्नेस्ट द चिकनचे ४, गोब्लिन डिप्लोमसीचे ५. दहा झाले.

फसवणुकीचं मात्र कडक सांगतो. एक्स्चेंजसमोर उभं राहून "पैसे डबल करून देतो" म्हणणारे असतात. पहिल्यांदा थोडे खरंच डबल करून देतात, मोठी रक्कम दिली की गायब. कुणाशी थेट देवघेव करताना दोन पडदे येतात. दुसऱ्या पडद्यावर शांतपणे सगळं वाचूनच होकार द्यायचा. अनोळखी माणूस व्हॅरॉकच्या उत्तरेला खंदकापलीकडं बोलावत असेल तर जायचं नाही. पलीकडं विल्डरनेस, तिथं दुसरे खेळाडू तुम्हाला मारून माल नेऊ शकतात.

आणि बाहेरनं रुपये मोजून नाणी विकत घ्यायची नाहीत. नियमात बसत नाही, खातं कायमचं जाऊ शकतं. रुपये घालायचेच असतील तर बाँड हा एकच सरळ रस्ता आहे. तो कंपनीकडनं घ्यायचा आणि एक्स्चेंजवर नाण्यांना विकायचा, घेणाऱ्याला त्यावर १४ दिवसांची मेंबरशिप मिळते. पण भाच्याला मी तेही नको म्हटलंय. पहिले लाखभर कातड्यातनं आले की पुढं भावाची नजर आपोआप बसते.

त्यानंतर मॅजिक, म्हणजे जादूचं कौशल्य, ५५ लेव्हलला न्यायकडं लक्ष द्यायचं. तिथं हाय अल्केमी हा मंत्र मिळतो: एक नेचर रून आणि पाच फायर रून (रून म्हणजे मंत्राला खर्ची पडणारे जादूचे दगड) खर्चून वस्तूची थेट नाणी होतात, खेळानं ठरवलेल्या मूळ किमतीच्या ६० टक्के. फायर स्टाफ, म्हणजे आगीची काठी, हातात असला की फायर रून लागत नाहीत. एक मंत्र ३ सेकंदांचा. गिऱ्हाईक शोधायचं नाही, कर नाही. वस्तूचा बाजारभाव अधिक नेचर रूनचा भाव ही बेरीज अल्केमीच्या नाण्यांपेक्षा कमी असली की नफा. भाच्याची मॅजिक अजून बरीच खाली आहे, पण नेचर रूनचा भाव त्यानं आत्तापासनं रोज वहीत टिपायला घेतलाय.