खारींचा पहिला क्रमांक

इंदूरच्या रामबागेतील आमच्या जुन्या घरी एक रेकॉर्ड प्लेअर होता आणि त्याच्या कडेला १६, ३३, ४५ व ७८ असे आकडे असलेली लहानशी कळ होती. बाबा दुपारी आडवे झाले की मी आणि माझा आत्येभाऊ त्यांच्या नाट्यगीतांच्या रेकॉर्डवर सुई ठेवून ती कळ ३३ वरून ७८ वर सरकवत असू, आणि भारदस्त आवाजातले पद चिरकत धावू लागले की तोंडावर उशी दाबून हसत असू.

याच युक्तीच्या सुधारलेल्या रूपावर एक गाणे अमेरिकेतील बिलबोर्ड या संगीतविषयक नियतकालिकाच्या ‘हॉट १००’ या दर आठवड्याच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिले आले होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. १९५८ च्या डिसेंबरात डेव्हिड सेव्हिल या नावाने गाणारे रॉस बगदासारियन यांचे ‘द चिपमंक साँग’, म्हणजे तीन काल्पनिक खारींच्या तोंडी घातलेले नाताळगीत, चार आठवडे तेथे टिकून राहिले. आमच्या खोडीत सुराबरोबर लयही पळत सुटे आणि शब्द हाती लागत नसत. बगदासारियन यांनी मात्र टेप निम्म्या वेगाने फिरवत, शब्द मुद्दाम रेंगाळत म्हणून आवाज मुद्रित केले आणि नंतर ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली. त्यामुळे सूर एक सप्तक वर चढला, पण लय हवी तीच राहिली आणि शब्द स्वच्छ उमटले. ग्रॅमी या अमेरिकेतील संगीत पुरस्कारांच्या पहिल्यावहिल्या सोहळ्यात या गाण्याला तीन पुरस्कार मिळाले आणि त्यांतला एक ध्वनिमुद्रणासाठी होता, तो मला सर्वांत योग्य वाटतो.

असली गमतीची गाणी वर चढली की अभिरुची खालावल्याची ओरड होते. मला ती पटत नाही, कारण यादी आवड मोजत नाही. त्या आठवड्यातील खप, रेडिओवरील प्रसारण, जे मोजायचे ठरले असेल तेवढेच ती मोजते. साय या कोरियन गायकाच्या ‘गंगनम स्टाइल’ या गाण्याचेच पाहा. २०१२ च्या गणेशोत्सवात आमच्या सोसायटीतील मुले आरती आटोपताच त्यावर घोडा दामटल्यासारखी नाचत होती (प्रसादाचे ताट दोनदा कलंडले), आणि त्या डिसेंबरात यूट्यूबवर एक अब्ज वेळा पाहिला गेलेला तो पहिला व्हिडिओ ठरला. तरीही ‘हॉट १००’ मध्ये ते सात आठवडे दुसऱ्याच क्रमांकावर अडकले, कारण रेडिओवर ते तितके वाजत नव्हते आणि यूट्यूब तेव्हा हिशेबात नव्हते. २०१३ च्या फेब्रुवारीत यूट्यूब हिशेबात धरले गेले आणि त्याच आठवड्यात बावर या अमेरिकी संगीतकाराचे ‘हार्लेम शेक’ थेट पहिल्या क्रमांकावर उतरले. आमच्या सोसायटीतील मुलांची गणती मात्र तेव्हाही झाली नसती, कारण त्या यादीसाठी केवळ अमेरिकेतील प्रेक्षक धरले जात होते.