आमच्यात डंबेल मी उचलते

आमच्या घरात सध्या वजनं मी उचलते आणि योगासनं मालक करतात. गल्लीला चेष्टेला विषय मिळालाय. मिळू दे.

मालक म्हणजे जुने पैलवान. ऐन उमेदीत पहाटे तालमीत जोर-बैठका, मग कुस्तीच्या मातीच्या हौद्यात उतरायचं, वर कोल्हापुरातल्या आमच्या गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध. गुडघा गेला आणि तालीम सुटली. तालमीबरोबर वस्ताद सुटले, सोबती सुटले, पहाटे उठायचं कारणच सुटलं. माणूस घुम्या झाला. रडणं-बिडणं काही नाही, नुसती चिडचिड. आमटीत मीठ कमी पडलं तरी ताट सारायचं आणि रात्री टक्क जागं राहायचं. पैलवानी राग म्हणून आम्ही सगळ्यांनी सोडून दिलं. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं तेव्हा कुठं कळलं, की पुरुषांत ते पुष्कळदा रागाच्या नाहीतर दारूच्या आडून येतं.

माझं निराळं. सासूबाई गेल्यावर सकाळी अंथरुणातून उठणंच जड झालं. बायकांत डिप्रेशनचं प्रमाण पुरुषांपेक्षा साधारण दीडपट, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉक्टर म्हणाले, व्यायाम सुरू करा. जाऊबाई म्हणाल्या, "दिवसभर राबतीस की! अजून कसला व्यायाम?"

इथंच गोम आहे. 2017 साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता. फावल्या वेळात आपखुशीनं केलेल्या हालचालीचा चांगल्या मनःस्थितीशी संबंध दिसला, घरकामाचा काही दिसला नाही. मला यात नवल वाटलं नाही. धुणं पिळताना डोक्यात उद्याच्या डब्याची भाजी असते. शाहू महाराजांनी 1912 साली खासबाग मैदान उभं केलं, पेठापेठांत तालमी आहेत, पण त्या पुरुषांच्या. आमच्या वाट्याला पंचमी-गौरीची झिम्मा-फुगडी, तीही वर्षातून एकदा!

मग मुलीनं मोबाइलवर 2024 सालचा एक अभ्यास दाखवला. 218 चाचण्या, 14 हजारांवर माणसं, सगळी डिप्रेशनची. चालणं, जॉगिंग, योगा, वजनं उचलणं, सगळ्यांचाच गुण आला होता. पण वजनांचा बायकांना जास्त आणि योगाचा पुरुषांना जास्त! मी मोठ्यानं वाचून दाखवलं. मालक म्हणाले, "योगा बायकांचा. मी काय चटई टाकून लोळू?" ही सगळी सरासरी आहे, अमक्याला अमकंच लागू पडेल असं नाही, हे मलाही कळतं. पण निमित्त बरं होतं, सोडते कशाला.

राजारामपुरीतल्या जिममध्ये गेले. ट्रेनर पोरगी म्हणाली, "काकी, स्क्वॉट मारा." बघते तर काय, बैठकाच की! आयुष्यभर मालकांच्या तोंडून ऐकलेल्या. पाच-पाच किलोचे डंबेल घेतले. तळहाताला लोखंडाचा वास लागतो, साबणानं धुतला तरी दुपारपर्यंत राहतो. मला तो आवडतो. तेवढा वेळ डोक्यात डबा नसतो, मोजणी असते.

मालक महिनाभर अडून बसले. आता गच्चीवर करतात. कुस्तीत मोडलेला कान चटईला टेकवून पडतात आणि श्वास मोजायचं सोडून खालच्या पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवतात. शवासनात घोरतात. पण रात्रीची झोप लागायला लागलीय आणि ताट सारणं थांबलंय. गोळ्या चालूच आहेत. व्यायाम जमला म्हणून त्या आपल्या मनानं बंद करायच्या नसतात, हे डॉक्टरांनी बजावलंय.

ज्यांना एवढंही जमत नाही त्यांच्यासाठी एक सांगते. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालावं म्हणतात. 2022 सालच्या एका आढाव्यात त्याच्या निम्मं करणाऱ्यांतही डिप्रेशनचा धोका 18 टक्क्यांनी कमी दिसला. निम्मं म्हणजे रंकाळ्यावर रोज दहा-अकरा मिनिटं. भेळेच्या गाडीपाशी थांबलेली त्यात धरायची नाहीत.

परवा जाऊबाईंनी हळूच विचारलं, "तिथं साडी चालती का गं?" म्हटलं, पंजाबी ड्रेस घाला, माझा देते. सोमवारी येणार आहेत म्हणे.